लंगडी मेंढी

१४ सप्टेंबर १९५८
डॉर्सीनं माझी चाल चोरली. सख्ख्या भावानं!

दुपारी आई आणि मी ओसरीत शेंगा मोडत होतो. रेडिओवाला म्हणाला, "आता डॉर्सी स्टॅलार्ड यांची स्वतःची रचना, 'लंगडी मेंढी'." बँजोवर कुणीतरी परका — पण चाल माझी, चुकीसकट. नऊ वर्षांची असताना मी ती बांधली तेव्हा माझा अंगठा अडखळायचा, म्हणून तिसऱ्या ओळीत एक ठोका जास्तीचा पडतो. बाबा फिडल खाली ठेवून हसले होते — "व्हर्डी, तुझी मेंढी लंगडते गं. लंगडू दे." तेच नाव पडलं. आई माणसाएवढा उभा बास, खर्जातलं तंतुवाद्य, वाजवायची आणि त्या ठोक्याला टाच आपटायची, म्हणजे बाकीचे चुकत नसत. बाबा गेले तरी सवय तीच.

आई म्हणाली, "मला ठाऊक असतं तर त्याचे कान उपटले नसते का?"

१५ सप्टेंबर
बँजोला हात लावला नाही.

१८ सप्टेंबर
दुकानातून डॉर्सीला फोन केला. म्हणे, "एकट्या तुझी कशी? अख्खं घर वाजवत होतं. आणि नॅशव्हिलमध्ये बाईचा बँजो कोण ऐकतं?" मी फोन आपटला. दुकानदार डबे मांडायचं नाटक करत होता.

रेकॉर्डिंग ऑगस्टमध्ये झालं, असं तोच फोनवर म्हणाला. तेव्हा आई आठवडाभर ब्रिस्टलला ल्यूटीमावशीकडे पीच बरण्यांत भरायला गेली होती. "मी घरी असते तर त्याची छाती झाली नसती," म्हणते. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एवढी एक तरी माझ्या बाजूची आहे.

२७ सप्टेंबर
शाळेतल्या कार्यक्रमात वाजवली. माझीच आहे, का नाही वाजवायची? खाली उतरले तर हार्मनमामा म्हणाला, "भावाची चाल छान उचललीस हो." घरी येऊन रडले. मला पैसा नको, नाव हवं. बाबांनी ठेवलेलं नाव आहे ते.

४ ऑक्टोबर
रेकॉर्ड आणली. तीनदा लावली. रेडिओच्या खरखरीत कळलं नव्हतं — तिसऱ्या ओळीत, जास्तीच्या ठोक्याला, बासच्या सुरामागे टाच आपटल्याचा आवाज येतो.

आई जेवायला हाक मारतेय.