घोड्यावरून पडले नव्हते

बिश्केक, इस्पितळातून

मिर्लानच्या बाबांना बुरुलचाचा सलाम.

मी जेवते, झोपते, काळजी नको. सूनबाई घोडीचं दूध वेळेवर काढते ना?

आता नीट वाचा. माझा मणका मोडलाय. हे म्हातारपण नव्हे, रक्ताचा कॅन्सर आहे, मायलोमा म्हणतात. तो हाडं आतून पोखरतो. अंगातलं रक्त त्यानेच आटलं, मूत्रपिंडंही त्यानेच बिघडली. कमरेच्या हाडातली मज्जा तपासली तेव्हा कळलं.

गवत कापताना मी कळवळले, तर तुम्ही चारचौघांत म्हणालात, "हिला कामाचा कंटाळा!" वर त्या मालिशवाल्याला माझ्या पाठीवर उभं केलंत. पाठीत काडकन मोडलं, मी ओरडत होते आणि तुम्ही खुशाल चहा पीत होतात!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मणका कशाने मोडला?"

मी म्हणाले, "घोड्यावरून पडले." तुमची लाज राखली.

आजार मुळासकट जात नाही म्हणतात, पण आटोक्यात राहतो. पोटात इंजेक्शनं देतात, गोळ्या आहेत. दुखणं उतरतंय. मला जगायचंय हो.

तुम्ही इथे या. खरं काय घडलं ते डॉक्टरीणबाईंना तुमच्या तोंडाने सांगा. तोवर मी घरी यायची नाही.

तुमचीच, पण फार रागावलेली,
बुरुलचा