पुढचं दार

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. (कंबर कुरकुरली, तरी वाकलो), वि. वि.

इस्टेटीचा बंगला आता शाळेसारखा दिसायला लागलाय. मेजवान्यांच्या दिवाणखान्यात मधे भिंत घालून दोन वर्ग काढले. तबेल्यात प्रयोगशाळा बसली. घोडे गेले, बेडूक आले. सवयीने भिंती ठोकत फिरलो, तर वरच्या मजल्यावरची एक पोकळ वाजली. गवंडी हसला. गिलावा काढला तर आत बुजवलेली खिडकी! आता तिचा उजेड थेट मुख्याध्यापिकेच्या टेबलावर पडेल.

म्हणजे तुझ्या. समिती तुझ्यासाठी अडून बसलीय आणि तू मूग गिळून. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो: नवा रस्ता मागच्या अंगाने आलाय, त्यामुळे पोरांचं येणं-जाणं स्वयंपाकघराच्या दारानेच होणार. लगेच फणकारू नकोस.

लोभ आहेच, यंदा थोडा वाढवून दे.

तुझा भाऊ


१८ फेब्रुवारी

चि. टकटक्यास,
अ. उ. आ., वि. वि.

खिडकीचं वाचून हसले. लहानपणी तू डबे, दारं, आजोबांचं टक्कलसुद्धा ठोकून ऐकायचास. पुढचं वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

आईने त्या घरचे कपडे धुण्यात जन्म घालवला, आणि गेली-आली ती मागच्या दारानेच. एकदा पावसात पुढच्या पोर्चमध्ये जरा टेकली, तर मालकीणबाईंनी पाहुण्यांदेखत विचारलं होतं, की तुझं दार कोणतं ते विसरलीस का. मी तिचं बोट धरून उभी होते. त्या दाराने मी आत यायची नाही. समितीला सांग, दुसरी बाई बघा.

चुन्यात हात घालू नकोस, मुकादमासारखा उभा राहायला शीक.

तुझी, रागातही तुझीच,
ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न., वि. वि.

मोठा घोटाळा झालाय. पेंटरला निरोप धाडला होता, की पुढच्या दारावर शाळेचं नाव घाल आणि मागच्यावर नुसतं ‘मागचे दार’ लिही. पठ्ठ्या परगावचा, आला नव्या रस्त्याने. समोर दिसलं ते त्याचं पुढचं! आईच्या दारावर शाळेचं नाव, हातभर अक्षरांत. आणि जिथे मालकांची मोटार लागायची त्या खांबांच्या पोर्चवर झोकात ‘मागचे दार’.

समितीचे अध्यक्ष लालबुंद. पेंटर पुसायला धावला. मी आधी त्याच्या हातातला फडका काढून घेतला आणि म्हटलं, की शाळेचं पुढचं दार कोणतं हे मुख्याध्यापिकेने ठरवायचं, आपण कोण? अध्यक्षांनाही ते पटलं. फक्त मुख्याध्यापिका कुठाय, असं ते विचारत होते.

मीही तेच विचारतोय.

फडका मुठीत धरून बसलेला,
तुझा भाऊ


२ मार्च

चि. टकटक्यास,
अ. उ. आ.

पुसू नका. हा माझा पहिला हुकूम.

सोमवारी येते, पुढच्या दाराने. आईचं जुनं लुगडं नेसून येणार आहे. तिथे उभं राहून रडलास तर पोरांदेखत कान धरीन.

दुसरा हुकूम: या शाळेत कुणाचं दार कोणतं, हे कुणीही कुणाला विचारायचं नाही. ज्याला पोर्चमधून यायचंय त्याने खुशाल यावं. आणि तिथे एक लांब बाक टाक. पाऊस आला की टेकायला.

माया तीच, हुद्दा नवा,
ताई