साडेचौदा इंच

औसा, रविवार, संध्याकाळ

कमोडची खुर्ची, पलंगाचा कठडा, मोरीतला धरायचा दांडा, वाकवलेला चमचा. आईसाठी हे सगळं मी माझ्या हातानं केलं. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही. खुर्ची साडेचौदा इंच उंच, कारण गुडघ्यापासून टाचेपर्यंत आईचा पाय तेवढाच आहे.

आज दादा नांदेडहून विकतची खुर्ची घेऊन आला. म्हणे, "तुझं हे जुगाड आता भंगारात टाक." आईला नव्या खुर्चीत बसवलं. तिचे पाय अधांतरी लोंबायला लागले. तरी त्याचं मन राखायला म्हणाली, "चांगली हाय की रे बाबा." ह्याला पाय दिसलेच नाहीत! मी खाली बसून तिची पावलं तळहातांवर घेतली, तेव्हा कुठं तिनं खुर्चीचा घट्ट धरलेला हात सोडला.

एवढा चिडलो कशावर? 'जुगाड' शब्दावर? तोही लागलाच. पण साडेचौदा इंच! पोटच्या पोराला एवढं ठाऊक नसावं?

निघताना म्हणाला, "तू लई करून राहिलास आईचं. मी पैसे पाठवत जातो."

"पैसे राहू दे, दादा. महिन्यातून एक रविवार ये अन् तिची नखं काप."

त्यानं गाडी सुरू केली.

महिन्याला पंधरा हजार देतो म्हणत होता. नको म्हटलं.