मोहोळ रस्त्यावरचा ज्ञानबा

गुरुवार, ता. ६ डिसेंबर १९३४

प्लग बदलला. चेनची एक कडी कमी केली. मागचा ब्रेक अजून कुरकुरतोय – उद्या बघू. रविवारी शर्यत! पुणे नाक्यापासून मोहोळ आणि परत. चाळीस मैल, सहा फटफट्या. त्यातली एक माझी, आणि तिच्यावर ज्ञानबा.

दुकान घालून अकरा वर्षं झाली. सायकलींची पंक्चरं काढून काढून कंबर मोडली, पण ‘गुरुबसप्पाची गाडी’ असं कुणी आजवर कौतुकानं म्हणालं नाही. रविवारी म्हणतील की.

ज्ञानबा दोन वर्षांमागं लोकर विकायला बाजारात आला होता. धनगराचा गडी, जेऊरकडचा, तेव्हा बावीस वर्षांचा. दुकानापुढं उभा राहिला तो उभाच. ‘अण्णा, ह्येच्यावर बसून बगू का?’ मी हाकलला. दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्या दिवशी मीच कंटाळून बसवला – आणि बघतच राहिलो! आज त्याच्यासारखा चालवणारा अख्ख्या जिल्ह्यात नाही. त्याच्या तोंडावर मी हे बोलत नाही. डोक्यावर बसेल.

आज त्याची आई आली, म्हाळसाबाई. नवरा गेलेला, साठ मेंढरं, वळायला एकटी. ओसरीवर बसून सरळ म्हणाली, ‘ह्यो येक डाव बगू, अप्पा. जितला तर ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. न्हाय तर माज्यासंगं मेंढरांमागं येईल. माज्या पायात आता बळ न्हाय.’ ज्ञानबानं मान हलवली. शब्द दिला म्हणजे दिला. धनगर आहे तो.

म्हणजे रविवारी नुसती शर्यत नाही. ज्ञानबा राहणार की जाणार, ते ठरायचंय.

शुक्रवार, ता. ७

ब्रेक बसवायचा तर हा गडी सकाळपासून बेपत्ता! दुपारपर्यंत वाट बघितली. काशम्मावर विनाकारण खेकसलो. बायको आहे, ऐकून घेते बिचारी. संध्याकाळी स्वारी आली, पाय धुळीनं माखलेले. मोहोळपर्यंत चालत गेला होता! अनवाणी! येताना रेल्वेनं आला.

‘फटफटी असताना चालत? डोकं फिरलं काय?’

‘बसून रस्ता कळत न्हाय अण्णा. पायाला कळतो.’

मग उकिडवा बसला आणि रस्ता सांगत गेला. कोंडीच्या पुढं डाव्या अंगाला माती मऊ हाय, तितं उजव्या चाकोरीनं जायचं. लांबोटीच्या उतारावर खडी सुटलीय. ओढ्यापाशी सकाळी मेंढरं पाण्याला येत्यात, तवा दमानं. अमक्या वळणावर वारं आडवं लागतं. वीस मैलांत एक खड्डा सुटला नाही. मी लिहून घेतलं तर पाच पानं झाली. त्याला लिहिता येत नाही, गरजही नाही!

आपण इंजिन खोलून शहाणे झालो, पण चाकाखाली काय आहे हे कधी बघितलंच नाही.

शनिवार, ता. ८

शेजारच्या तेलघाणेवाल्या सिद्धप्पानं घाण्यावरून ताजं एरंडेल आणून दिलं, इंजिनात घालायला. ‘पोट इंजिनाचं साफ करायचं का तुझं?’ म्हणून हसतोय. हसू दे.

पेट्रोलच्या डब्यांत गंज असतो, म्हणून ते गाळूनच घालायचं, हा माझा नियम. जुनं फडकं तेलकट झालेलं. काशम्माचं एक इरकली लुगडं फाटलंय, त्याचा काठाकडचा तुकडा टरकावला. झकास, घट्ट विणीचा! ती म्हणाली, ‘काठ सुटतोय त्याचा. थांबा, दुमडून दोन टाके घालून देते.’

‘टाकी नेसणार आहे का ते?’

‘बरं,’ म्हणाली आणि आत गेली. बायकांना प्रत्येक गोष्टीला टाके घालायचे असतात.

दुपारी नाक्यापासून कोंडीपर्यंत पळवून बघितली. मी हातात घड्याळ घेऊन उभा. काय सांगू! आधी नुसता आवाज येतो, मग धूळ, मग त्या धुळीतून हा – टाकीवर पालथा, कोपरं आत, तोंडावर भीती नाही, की मस्तीही नाही. बैलगाडी आडवी आली तर हॉर्न नाही वाजवला. आधीच वेग कमी करून तिला जाऊ दिलं, आणि मागून असा काढला की बैलानं कानसुद्धा हलवला नाही. उतरल्यावर पहिलं वाक्य – ‘वरच्या वेगात हवा कमी पडतीया, अण्णा.’ अर्धा फेर स्क्रू फिरवला. परत गेला. ‘आता ब्येस हाय.’ बरोबर तेवढाच अर्धा फेर! त्याच्या मांडीला इंजिन कळतं.

मला मुलगा नाही. असता तर असाच असावा, असं आज पहिल्यांदा मनात आलं. लिहून टाकलं. कोण वाचणार आहे?

रविवार, ता. ९. सकाळ

मी तिसऱ्यांदा चेन तपासली. तो मजेत भाकरी खातोय!

रविवार. संध्याकाळ

हरलो.

जरा शांत होऊन लिहितो.

नाक्यावर ही गर्दी! गिरणीतले लोक, तांगेवाले, पोरंटोरं. बाकीच्या पाच फटफट्या ओळीत लागल्या होत्या, त्यात एका गोऱ्या साहेबाची कोरी करकरीत. मी शेवटचं पेट्रोल घालत होतो – टाकी उघडी, वर नरसाळं, नरसाळ्यात फडकं. तेवढ्यात म्हाळसाबाई गर्दीतून पुढं आली. कमरेची पिशवी सोडली आणि ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं!’ म्हणून मूठभर भंडारा उधळला! ज्ञानबाच्या डोक्यावर, हँडलवर, टाकीवर – आणि नरसाळ्यात. सगळं पिवळंजर्द.

‘अहो बाई, टाकी उघडी आहे!’ मी किंचाळलो. पण निशाणवाला ओरडत होता. फडकं काढून झटकलं, झाकण लावलं. टाकी रिकामी करून परत भरायला वेळ कुठला?

निशाण पडलं.

पुढचं सिद्धप्पानं सांगितलं. त्याला लांबोटीच्या ओढ्यापाशी उभा केला होता. जाताना ज्ञानबा पहिला – दुसरा दिसायच्या आत हा ओढा ओलांडून गेलासुद्धा! येतानाही पहिलाच. आणि ओढा दोनशे पावलांवर असताना गाडीला उचकी लागली. दोन उचक्या, आणि बंद!

ज्ञानबा घाबरला नाही म्हणे. उतरला, पाना काढला, कार्बुरेटर खोलला. जेट बाहेर काढला, म्हणजे पेट्रोल यायची ती बारीक नळी. सुईच्या नेढ्याहून लहान भोक तिचं. तोंडानं फुंकली, भोकातून काहीतरी चिमटीनं ओढून काढलं, परत बसवलं. चार मिनिटं. साहेब निघून गेला. मागून बाकीचे चौघंही गेले.

पण ओढ्यात मेंढरं! शंभरेक तरी. साहेब त्याआधीच निसटला होता. चौघं मात्र कळपात अडकले. हॉर्न, शिव्या, बोंबाबोंब. मेंढरं जास्तच गोळा होतायत. ज्ञानबा आला तो सावकाश, इंजिन हळू करून. आणि सिद्धप्पा म्हणतो – ‘अरे, तोंडानं असा काही आवाज काढला त्यानं! हुर्र करून, जीभ टाळ्याला लावून. म्होरकी मेंढी वळली, आणि सगळा कळप दोन अंगाला झाला. रस्ता मोकळा! चौघं बघत बसले.’ सांगताना सिद्धप्पाच्या डोळ्यांत पाणी. त्या घाण्यावाल्याच्या!

नाक्यावर मी बघितलं ते एवढंच. आधी साहेब आला. त्याच्या मागून तीसच पावलांवर आमचा! अजून अर्धा मैल असता तर गाठला असता. साहेबानं टोपी काढली, हात मिळवला. गर्दी ज्ञानबाच्याच नावानं ओरडत होती, साहेबाच्या नाही.

मी पाठ थोपटायला हवी होती. मी काय केलं? ‘काय अडकलं होतं जेटमध्ये?’ म्हणून ओरडलो. तो मूठ आवळून उभा. ‘हळद! दुसरं काय असणार!’ आणि फिरलो म्हातारीकडं. सगळ्या गर्दीसमोर. ‘तुझ्या देवानं तुझ्याच पोराची शर्यत बुडवली! गावंढळ बाई!’

ज्ञानबा एक पाऊल पुढं आला, मूठ वर. म्हातारीनं झटकन ती मूठ दोन्ही हातांत धरली. मला मारील म्हणून असणार. ‘गप. चल,’ म्हणाली त्याला. आणि मला, मान खाली घालून – ‘चुकलं अप्पा, म्हातारीचं.’

घरी येऊन त्यानं घोंगडी उचलली. संध्याकाळच्या गाडीनं मायलेक जेऊरला गेले. शब्द दिला होता ना.

सोमवार, ता. १०

दिवसभर दुकानात तेच. जो येईल त्याला भंडाऱ्याची गोष्ट सांगितली. ‘अरे अरे, जिंकलीच होती की!’ सगळे हळहळतात. लई वेळा सांगितली, तरी समाधान होईना.

त्याचा पाना त्याच्या खिळ्यावर आहे. पुसून ठेवून गेलाय. मी कधी पुसत नाही.

मेंढरांचं आठवतं सारखं. आपण सगळे यंत्र शिकलो, तो पोटात कळप घेऊन आला आणि यंत्रही शिकला. असा गडी आता माळावर काठी घेऊन फिरणार – एका मूठभर हळदीपायी! काशम्मा आज ताट आदळून गेली.

मंगळवार, ता. ११

टाकी उतरवून धुतली. म्हटलं, हळद दिसली तर सिद्धप्पाला दाखवू. आत एक कण नाही. फडकं बघितलं – वरून पिवळं, खालून स्वच्छ. एवढा भंडारा, सगळा त्यानं अडवला.

तोंडानं मात्र अजून म्हातारीचा उद्धार चालू होता माझा. तेवढ्यात काशम्मा आली. समोर काड्यापेटी आपटली. रागावली की तिच्या तोंडी कानडी येते. ‘साकु! बास झालं आता. बघा.’

आत एक धागा. बोटभर. लाल, इरकली काठाचा.

‘जाताना त्यानं माझ्या हातात दिली. नाक्यावर मुठीत हेच होतं. तुम्हाला दाखवायला निघाला होता, म्हातारीनं मूठ धरली. मुठीतून लोंबणारा लाल धागा बघून तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, ऱ्हाऊ दे, त्येंचं दुकान हाय, चार लोकांत नाव जाईल. मी मेंढरांमागची बाई, माजं काय जातंय? मलाही म्हणाली, दाखवू नकोस. म्हणून दोन दिवस गप्प बसले मी.’

मी फडकं उलटं केलं. कोपऱ्यात काठ सुटलेला.

दोन टाके.

उद्या दुकान बंद. काशम्मा आणि मी सकाळच्या गाडीनं जेऊरला. सिद्धप्पाला निरोप धाडलाय, आल्यागेल्याला खरं काय ते सांग म्हणून. फटफटी रेल्वेच्या सामानाच्या डब्यात टाकून नेतोय. आधी म्हाळसाबाईंच्या पायावर डोकं ठेवीन. त्यांनी उचलू दिलं, तर मग ज्ञानबाला मागेन.