सातवी शर्यत, पिवळं टोपडं

१२ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

श्पाक जिवंत आहे! आणि त्याला इथे यायचंय!

दुपारी म्रोझेकचा फोन. मोटारसायकल शर्यतींच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याला प्रत्येक वाक्याआधी खाकरायची सवय लागली आहे. आज चारदा खाकरला. "बोझेना, बसलीयस ना? आधी बस. विटोल्ड श्पाकचं पत्र आलंय. एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, आपण सगळे रायडरांच्या थडग्यांवर दिवे लावायला जातो ना, त्यालाही यायचंय. मिरेकच्या थडग्यावर दिवा लावायचाय म्हणे. बहीण तू. तू म्हणशील तसं."

मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, जरा विचार कर. मी म्हटलं, केला. फोन ठेवला.

ज्याने माझ्या भावाचा जीव घेतला तोच शेवंती घेऊन त्याच्या थडग्यावर येणार! निर्लज्जपणालाही काही हद्द असते! चव्वेचाळीस वर्षांत मला वाटलं होतं, मेला असेल कुठेतरी.

नवऱ्याला, लेशेकला सांगितलं. तो सायकलची चेन पुसत होता. पुसतच राहिला.

१३ ऑक्टोबर

बीटचं सार आटून भांडं करपलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!

१५ ऑक्टोबर, रविवार

लिहून टाकते. नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

२४ जून १९७९. तेव्हा रविवारी सामना असला की पाद्रीसुद्धा प्रवचन आटोपतं घ्यायचा, त्यालाही जागा धरायची असे. अख्खं वेझबोव्हो मैदानावर. हवेत जळक्या एरंडेलाचा वास — इंजिनात तेच तेल घालायचे. लोकांना एरंडेल म्हटलं की लहानपणीचा चमचा आठवतो. मला मिरेक आठवतो.

आणि काळी भुकटी! ब्रेक नसलेल्या चार मोटारसायकली वळणावर आडव्या होऊन सरकल्या की ट्रॅकवरची कोळशाची भुकटी उडून पहिल्या चार रांगांवर. आम्ही मुद्दाम तिथेच बसायचो. घरी गेल्यावर दात तेवढे पांढरे. रायडर तर ओळखू यायचेच नाहीत. ओळखायचं ते हेल्मेटवर चढवलेल्या कापडी टोपड्याच्या रंगावरून. आमचे दोघे लाल आणि निळा, पाहुणे दोघे पांढरा आणि पिवळा. प्रत्येकाच्या गुडघ्यावर छापील पत्रिका, हातात पेन. शर्यत संपली की रंगापुढे गुण लिहायचे, काही बदल झाला तर खूण करायची. सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडायच्या आणि लिहायचं. दुसऱ्याची पत्रिका बघून लिहिणाऱ्याला गावात मान नव्हता.

माझं पेन हिरवं. बाबांनी पोस्टातून आणलेलं. बाकी सगळं गाव निळ्याने लिही. मिरेक चिडवायचा, "देव चुकेल, पण आमच्या बोझेन्काचं हिरवं पेन चुकणार नाही!"

सातवी शर्यत. मिरेक लाल टोपड्यात. पाहुण्यांपैकी श्पाक पिवळ्यात, आणि पांढऱ्यात — लेशेक. हो, माझाच लेशेक. तेव्हा तो कालिनोव्होकडून धावायचा, माझा तो कोणीही नव्हता. मी बिया विकत घ्यायच्या रांगेत होते. धावत जागेवर आले तर सुरुवातीची फीत वर गेलेली, शर्यत सुटलेली. तिसऱ्या फेरीत पिवळा आतून घुसला, त्याचं पुढचं चाक मिरेकच्या मागच्या चाकाला लागलं. मग कुंपण. मग अकरा हजार माणसं गप्प.

मिरेक बावीस वर्षांचा होता. मी एकोणीस.

सामना तिथेच थांबवला. शर्यत पुन्हा झालीच नाही, त्यामुळे पंचाने कुणाला बाद केलं असंही कागदावर आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पेपरात श्पाकचं नाव होतं. आणि आम्ही त्याला सोडलं नाही! तो जिथे धावेल तिथे बस करून जायचो. शिट्ट्या. तोंडावर बियांची टरफलं. त्याच्या गाडीच्या दारावर खडूने 'खुनी' लिहिलेलं असायचं. पहिल्यांदा लिहिलं ते मी. तो म्हणत राहिला, "मी नव्हतो." आम्ही म्हणायचो, वर भेकडही! दोन वर्षांत त्याने शर्यती सोडल्या.

लेशेक ब्याऐंशीत आमच्या क्लबात आला. आई म्हणाली, "हा पोरगा पांढऱ्यात होता, मागे होता. याचा काय दोष?" पुढच्या वर्षी लग्न. आता मैदानातल्या प्रेक्षकांच्या नव्या स्टँडला त्याचं नाव देणार आहेत.

माझी त्या दिवशीची पत्रिका आईने मिरेकच्या हातमोज्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात घातली. तो डबा मी कधी उघडला नाही.

१८ ऑक्टोबर

लेशेक जेवताना म्हणाला, "येऊ दे त्याला."

"काय म्हणालास?"

"म्हातारा झालाय. एक दिवा लावू दे."

"तुझा भाऊ असता तर?"

ताट अर्धवट टाकून उठला. अंगणात जाऊन उभा राहिला, कोट न घालता. याला श्पाकचा कळवळा कुठून आला?

२२ ऑक्टोबर, रविवार

दोन पानं फाडून टाकली. अक्षर बघ.

क्लबच्या हॉलमध्ये आठवणींची दुपार होती. प्रत्येकाने जुनं काहीतरी आणायचं. मफलर, फोटो, कुणी चक्क बाटलीत भरून ठेवलेली काळी भुकटी! म्हातारे नुसते हुंगत होते. हसून हसून पोट दुखलं. शाळेत आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या कोर्नेलियाबाई पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, पण गठ्ठा कसा — तारीखवार, दोऱ्याने बांधलेला.

माझ्याच हाताला ती लागली. २४ जून. सातवी शर्यत. श्पाकच्या नावापुढचा पिवळा आणि लेशेकच्या नावापुढचा पांढरा — दोन्हींच्यामध्ये पेन्सिलीने बाण. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"बाई, हे काय?"

त्यांनी चष्मा वर केला. "अदलाबदल गं. टोपडी बदलली होती त्यांनी. कर्ण्यावर सांगितलं की."

"कधी?"

"शर्यतीच्या आधी. आमच्या बाजूचा कर्णा चालू होता. समोरच्या बाजूचा नेहमीप्रमाणे खरखरत होता." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "मी तेव्हाच सांगितलं होतं दोघांतिघांना. पेपरवाल्याने छापील नाव बघून लिहिलं म्हणून. ते म्हणाले, बाई, तुम्ही भूगोल शिकवा. मग लेशेक आपल्याकडे आला, तुझं लग्न ठरलं... मला वाटलं, तुम्ही तुमच्यात मिटवलं असेल."

पिवळा लेशेक होता.

पिवळा लेशेक होता!!

म्रोझेक केक कापत होता. कुणीतरी मला खसखशीचा तुकडा दिला. मी तो खाल्लासुद्धा.

२३ ऑक्टोबर

विचारलं. सकाळी, चहाच्या टेबलावर. "सातव्या शर्यतीत तुझ्या डोक्यावर कुठला रंग होता?"

त्याने नाकारलं असतं तरी चाललं असतं. आरडाओरडा केला असता तरी. पण त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही विचित्र विचारलं.

"पिवळा."

मग सगळं सांगितलं. श्पाकचं हेल्मेट नवं होतं, मोठं. पिवळं टोपडं त्याच्यावर बसेना. पांढरं सैल होतं. पंचाला विचारून बदललं. तिसऱ्या फेरीत मिरेकचं मागचं चाक घसरलं, याला जागा नव्हती, ब्रेक तर नव्हतेच. "मुद्दाम नाही गं. देवाशपथ मुद्दाम नाही."

ते मला माहीत आहे! चाळीस वर्षं त्या खेळात काढलीत मी, अपघात मला कळतो. "पण श्पाक? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही, आणि तू बघत बसलास? मला बघू दिलंस? माझ्या आईला?"

आणि मग तो म्हणाला,

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

"काय?"

"तू, बोझेना! सगळ्या गावात एक तुझीच पत्रिका कधी चुकायची नाही. मिरेक गुणगान गायचा तुझ्या पेनाचं, कालिनोव्होपर्यंत ऐकू यायचं. मी इथे आलो तो तुझ्यासमोर उभा राहायला. म्हटलं, थोबाडीत मारेल. तू चहा विचारलास. मग लग्नाला हो म्हणालीस. मला वाटलं, हिने मला माफ केलंय, आणि श्पाकला का नाही ते हिचं हिला ठाऊक. विचारायची हिंमत झाली नाही. कधीच नाही."

"मी बियांच्या रांगेत होते!" मी किंचाळले. "मी ऐकलंच नाही!"

माझ्या माफीवर याने चाळीस वर्षं संसार केला. आणि मी माफ केलंच नव्हतं!

२४ ऑक्टोबर

शिवणाच्या खोलीत मुक्काम हलवला. तो दाराबाहेर सूप ठेवून जातो.

२६ ऑक्टोबर

श्पाकला फोन केला. नंबर लावला, ठेवला, लावला, ठेवला. पाचव्यांदा त्यानेच उचलला.

"मी मिरेकची बहीण."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज. मग, "बोला, बाई."

"या तुम्ही. एक तारखेला. आणि — मला कळलंय. पिवळा कोण होता ते."

"कुणी सांगितलं?" आवाजात आनंद नाही, काही नाही. धास्तावल्यासारखा.

"तुम्ही त्याचं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर त्याच्या गाडीवर लिहिलं असतं तुम्ही. मी नव्हतो एवढंच सांगायचं होतं मला. तेही कुणी ऐकलं नाही."

मी म्हटलं, "खडूने मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. बघितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही रडत लिहीत होतात. मी कोपऱ्यावर थांबलो, तुमचं होईपर्यंत."

नंतर काय बोलले आठवत नाही. या माणसाला मी जन्मभर शिव्याशाप दिले!

१ नोव्हेंबर

सगळे आले होते. थडग्यांवर क्लबचे मफलर, काचेतले दिवे, शेवंतीचे ढीग. श्पाक बसने आला. लोकरीची टोपी डोक्यावर नुसती टेकलेली, केवढं डोकं ते! माणसं बाजूला सरकली, पण वाट द्यायला नाही. एक जण थुंकला.

लेशेक पुढे झाला. नऊ दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते. मी काही सांगितलंही नव्हतं. त्याने टोपी काढली. "सातव्या शर्यतीत पिवळं टोपडं माझ्या डोक्यावर होतं. याच्या नाही. माझं चाक लागलं."

म्रोझेक खाकरला. "लेशेक, अरे, आज सणासुदीला कशाला..." मागून कुणीतरी, "वय झालंय त्याचं, घरी न्या त्याला." त्यांना खरं नकोच होतं! स्टँडच्या नावाची पाटी रंगवून तयार आहे ना. मग कोर्नेलियाबाई काठी आपटत म्हणाल्या, "खरं बोलतोय तो. माझ्याकडे लिहिलेलं आहे." तेव्हा कुठे माना खाली गेल्या.

वाऱ्याने श्पाकची काडी विझत होती. दोनदा, तीनदा. लेशेकने ओंजळ धरली. दिवा लागला. दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते.

मला त्या ओंजळीचा राग आला. खरंच आला. आता धीट झालास! आई गेल्यावर! श्पाकचं आयुष्य गेल्यावर! माझ्या तोंडून चाळीस वर्षं शिव्या ऐकल्यास, त्याला दिलेल्या, आणि मीठ मागत राहिलास!

ठरवलंय. उद्या मुलीकडे पोझनानला. परत यायचं की नाही ते मग बघू. बॅग भरली. मिरेकचा डबाही नेणार. ज्याने माझ्यापासून हे लपवलं त्याच्या घरात मिरेकचं काही राहू देणार नाही.

२ नोव्हेंबर

डब्याचं झाकण गंजलं होतं, बॅगेत घालताना उघडलं. हातमोजे. त्यांच्याखाली माझी पत्रिका. सातव्या शर्यतीच्या पानावर बीचं एक टरफल चिकटलेलं.

बाण आहे. हिरवा.

लेशेक जिन्यातून विचारतोय, बॅग खाली नेऊ का.