तिसऱ्या ओळीनंतरचा श्वास

आमच्या घरच्या शहाण्यास,

तुझ्या हट्टापायी चर्चचा जुना ऑर्गन दुरुस्त झाला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. त्याचा तो शंभर वर्षांचा गळका भाता गीताच्या तिसऱ्या ओळीअखेरीस रिकामा व्हायचा. बाबांनी जन्मभर तिथे हात उचलून भाता भरायची वाट पाहिली, आणि सगळं चर्च त्यांच्याबरोबर थांबायचं. आता भाता नवा, हवा भरपूर. पण माणसं जुनीच ना! ती सवयीने थांबतात, मी वाजवत पुढे जाते आणि चौथ्या ओळीचा पार विचका होतो. बेकरीवाले काका म्हणतात, "पोरी, ऑर्गन बिघडलाय, घाई करतोय. त्या कारागिराला परत बोलव." आता यांना काय कपाळ सांगू?

आणि फोनवर तुझं एकच पालुपद, "ताई, लोकांना शिकव." उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? शेवटी काल वैतागून मी बाबांसारखे हात उचलले. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, आणि चौथी ओळ अशी उठली की खिडकीच्या काचा थरथरल्या.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. तू शुद्धलेखनाच्या चुका काढशील. पण दुरुस्तीनंतर ऑर्गन पहिल्यांदा वाजला तो बाबांना शेवटचा निरोप देताना, आणि वाजवायला तू बसला होतास. तिसऱ्या ओळीनंतर आम्ही सगळे थांबलो. तू एकटाच पुढे निघून गेलास.

अजून तिथेच थांबलेली,
ताई