कोटीपोटाच्या पलीकडं

आबा, आपली तांबडी गाय तुमच्या काढ्यानं बरी झाली नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला वीसेक वर्षं लागली. आता लिहिलंय, ते खोडणार नाही.

ती व्यायली तेव्हा मी वाळूजला पशुखाद्याच्या कारखान्यात नुकतीच लागले होते. आठवड्यातून एकदा खुलताबादच्या बसनं मळ्यात यायचे. तांबडी दूध भरपूर देत होती, पण अंगावरचं सगळं त्या दुधातून निघून चाललं होतं. माकडहाडाशी खळगे पडले होते. ताकद यावी म्हणून तुम्ही तिला दोन्ही वेळा बांबूच्या नळीनं शेंगदाण्याचं तेल पाजत होता. मी गोठ्यात शिरते तर गाय मान टाकून उभी आहे, आणि रवंथ बंद. मी तुम्हाला समजावून सांगितलं. गाईचं पहिलं मोठं पोट, आम्ही त्याला कोटीपोट म्हणतो, ते बारीक जिवाणूंवर चालतं. कडबा तेच पचवतात आणि मोकळं तेल त्यांच्यावरच उलटतं. आमच्याकडं तेल चुन्याशी बांधून त्याचे दाणे करतात. ते कोटीपोटात विरघळत नाहीत, तसेच पुढं सरकतात आणि चौथ्या, आंबट पोटात सुटतात. दाण्यांची पिशवी मी बरोबरच आणली होती.

तुम्ही ती उघडलीसुद्धा नाही. दूध न्यायला आलेल्या दोघांसमोर म्हणालात, "आता ही जनावराच्या पोटाला बगल देणार. उद्या बापालाबी देईल." ते दोघं हसले. मी नाही हसले.

त्याच दुपारी चुलीपाशी मी पिशवी आईच्या हातात दिली. यानं गाय दगावणार तर नाही ना, एवढंच तिनं विचारलं. मी नाही म्हटल्यावर तिनं दुसरा प्रश्न केला नाही. तेलाचा डबा तिनं कोठीत कुलपात घातला, तुम्हाला संपलं म्हणून सांगितलं, आणि रोज भरड्यात मूठभर दाणे कालवू लागली. तेल नाही म्हटल्यावर तुम्ही सुंठ-ओव्याचा काढा सुरू केलात. चार-पाच दिवसांत तांबडी रवंथ करू लागली. महिना होता होता खळगे भरत आले. मग काय, आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक तुमच्या काढ्यासाठी बाटल्या घेऊन यायला लागले. मला म्हणालात, "बघ, न शिकता केलं."

मी गप्प बसले. आदरानं नाही, आबा. नोकरी सोड म्हणाल तेव्हा तुमच्याशी भांडायचं होतं, म्हणून ताकद राखून ठेवली होती. पुढच्याच वर्षी तुम्ही म्हणालात, आणि मी सोडली नाही. तुम्ही दोन वर्षं माझ्याशी धड बोलला नाहीत, तरी सोडली नाही. आज शेंद्र्याच्या बाजूला गोठ्यागोठ्यात जाऊन मी तेच दाणे कसे द्यायचे ते शिकवते. जीवनसत्त्वं, औषधंसुद्धा आता अशीच वेष्टण घालून कोटीपोटाच्या पलीकडं पोचवतात. व्हय, दिली मी बगल. गाईच्या पोटालाही आणि तुम्हालाही, आणि त्याचा मला पस्तावा नाही.

तुम्ही गेलात तरी हे सांगायचं राहिलं होतं. पत्र कपाटात राहील. आईलाही वाचून दाखवणार नाही.

फक्त एक गोष्ट मी शिकवताना नेहमी गाळते. आईनं मला नंतर सांगितलं, ते पहिले तीन-चार दिवस तांबडी भरड्याला तोंडच लावत नव्हती. तुम्ही तिच्यापुढं उकिडवे बसून, तिच्याशी काहीबाही बोलत, मूठ-मूठ करून तिला तो भरवत होता. तुम्ही बसला नसतात, तर माझे दाणे पहिल्या पोटातसुद्धा पोचले नसते.